अकरावी फेरी

बत्तीस वर्षं गोदीत गोणी मोजल्या.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
फाटकी गोण फाटकी म्हणून लिहिली.
बोटीवरच्यांनी सिगारेटचं पाकीट पुढे केलं
तरी सत्त्याण्णवाचे शंभर झाले नाहीत.
हे आधी सांगून ठेवतो,
कारण निवृत्तीनंतर मी
एका फाशाच्या चाराचे सहा केलेत.

माझगावात, छापखान्याच्या माळ्यावर,
सॅम्सन पेणकर आणि मी जानेवारीपासून
एक लढाई लढतो आहोत. रविवारी.
शनिवार त्याला पाळायचा असतो.
नकाशा त्यानेच आखलेला, षट्कोनी घरांचा:
एक नदी, एक पूल, एक खिंड. देश कुठलाच नाही.
सैन्य पुठ्ठ्याचं, अर्ध्या इंचाचे चौकोन,
माझे निळे, त्याचे विटकरी,
शत्रूकडे पाठ करून पालथे.
पंखा बंद ठेवावा लागतो,
नाहीतर अख्खी पलटण टेबलाखाली.

सोमवारी मी वृत्तान्त लिहून
वाचनालयाच्या काचपेटीत लावतो.
पहिले तीन जसं घडलं तसे:
‘निळी रसद तीन घरं पुढे. विटकरी स्थिर.
चिखल, म्हणून तोफा जागीच.’
ग्रंथपाल शालन देवरुखकर म्हणाल्या,
शेजारी पाणीपट्टीची नोटीस लावलीय,
लोक ती जास्त वाचतात.

चौथ्यात मी सातव्या पलटणीला
एक हवालदार दिला. रखमाजी ढेबे.
त्याला गुडघ्याचं दुखणं दिलं,
माझ्याकडे होतंच.
काचेपुढे माणसं थांबू लागली.
कंपाउंडर हडकर पुड्या बांधता बांधता विचारी,
बरा आहे का हो गुडघा, ढेब्यांचा?

वाचायचा पेणकरसुद्धा.
चष्मा काचेला टेकवून, सावकाश.
मग खरं लिहावं तरी किती?
सहाव्यात लिहिलं: तोफा खिंडीत.
तोफा खिंडीत नव्हत्या.
पेणकरने चार चौकोन खिंडीकडे वळवले,
काही बोलला नाही.
लढाईत हे चालतं.
पण हडकर तीन दिवस खिंडीची काळजी करत होता.
त्याला मी कुठल्या रकान्यात धरायचं?

दहाव्यात, हात जरा सैल सुटला होता,
लिहून गेलो:
ढेबे जिवंत आहे तोवर पूल पडणार नाही.

अकराव्या फेरीला शहाणपण एवढंच होतं
की दोन घरं मागे यावं.
नियम तेच सांगत होते, नकाशा तेच,
तिसरीतल्या पोरानेही तेच सांगितलं असतं.
मी चौकोनावर बोट ठेवलं
आणि बोट मागे येईना.
पाच किंवा सहा हवे होते.
चार पडले.

पेणकर पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा.
त्याने चिमट्याने सातवी पलटण उचलली,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली,
झाकण लावलं नाही.
म्हणाला, आता हे कसं लिहिणार?

मी लिहिलं, सहा.
लिहिलं, नदीचं पाणी ढेब्याच्या कमरेला लागलं होतं
आणि विटकरी फौज तीन वेळा मागे हटली.
हडकरने ते दोनदा वाचलं म्हणे, एकदा मोठ्याने.

पुढच्या रविवारी माळ्यावर गेलो तर
चौकोन पुलावर.
पेणकर फासा पुसत होता.
मी म्हटलं, हे काय?
तो म्हणाला, वाचलं ना मी. सहा पडले होते.
हसला नाही. चिडलेलाही नव्हता.
चाल तुझी, म्हणाला.

खाली छापखान्यात कुणाच्या तरी
लग्नपत्रिका निघत होत्या, धडाक धडाक,
टेबल हलत होतं
आणि पुलावर तो अर्धा इंच थोडा थोडा सरकत होता.
मी त्याला चिमट्याने नाही, बोटांनीच उचललं.

सोमवारी काचपेटीत एकच ओळ:
‘दुरुस्ती. फेरी अकरावी. फासा चार.
सातवी पलटण नाही.’

हडकर आला. वाचलं.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
गुडघ्याचं काही विचारलं नाही.
मग शेजारच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला,
पाणीपट्टीची मुदत वाढवलेली दिसते,
एकतीसपर्यंत.
आणि तरीही तिथेच उभा राहिला.